ज्ञानू आणि ज्ञानदेव

आमच्या तहसील कार्यालयात सोमवारी मुंबईकरांची गर्दी असते. सातारा जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातला तालुका, कित्येक घरांतला कर्ता माणूस माथाडीकामाला नवी मुंबईत. 2020 च्या फेब्रुवारीअखेरीस आमचा आठवडा पाच दिवसांचा झाला, वेळ 9.45 ते 6.15. शनिवारी गावी आलेल्या माणसाला आमचं दार बंदच दिसतं. मग सोमवारचा खाडा टाकूनच काम करायचं.

त्या सोमवारी असाच एकजण थेट माझ्या टेबलाशी आला. वडील वारलेले, सातबाऱ्यावर वारस नोंद लावायची होती. त्याने पिशवीतून तीन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. अर्ज तीनदा परत आला होता. पहिला शेरा, ‘मयताच्या नावात तफावत’. दुसरा, ‘सर्व वारस नमूद नाहीत’. तिसरा, ‘वारसांचे पत्ते अपूर्ण’. शेरे तिन्ही बरोबर होते. फक्त तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी, पहिल्याच कागदावर डोळ्यांना दिसत होत्या.

हा कुणा एकाचा आळस नव्हे. ज्याच्या हातात कागद पडतो तो पहिली चूक दिसेपर्यंतच वाचतो. चूक सापडली की पेन खाली. शिवाय 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात मुदत मोजायची ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. दाखल्यांच्या टेबलावर त्यातून एक सवय लागली आणि ती हळूहळू सगळ्याच टेबलांना लागली: अर्ज परत केला की दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. आढावा बैठकीत प्रलंबित प्रकरणं कमी दिसतात, माणूस मात्र चौथ्यांदा दारात उभा असतो. भिंतीवर ‘आपली सेवा, आमचे कर्तव्य’ हा फलक आहेच.

त्याला खुर्ची दिली आणि अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. सातबाऱ्यावर नाव ‘ज्ञानू’, मृत्यू दाखल्यावर ‘ज्ञानदेव’. जुन्या नोंदी गावात हाक मारायच्या नावाने झालेल्या असतात, तेव्हा हे इकडे नेहमीचंच. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि सोबत दोन्ही नावांना जोडणारा एखादा जुना कागद एवढ्यावर भागतं. वारसांत त्याने आई, स्वतः आणि भाऊ लिहिले होते. बहीण कराडकडे दिलेली, म्हणून सोडलेली. लग्न झालं म्हणून मुलीचा हक्क जात नाही. मग विचारलं, ‘‘आजी आहेत का?’’

‘‘हाय की. गावालाच असती. पण ती कशी वारस?’’

असते. मयताची आईही पहिल्या वर्गातली, म्हणजे बायको-मुलांच्या बरोबरीची वारस. पंचाहत्तरी-ऐंशीतली आजी घरात आणि तिचं नाव अर्जात नाही, ही चूक मी बहीण सुटण्याइतक्याच वेळा पाहिली आहे. पत्ते सगळ्यांचे गावचेच दिलेले. भाऊ राहतो कोपरखैरण्याला, गावच्या घराला कुलूप, म्हणजे नोटीस ‘घर बंद’ शेऱ्यानिशी परत येणार आणि फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावातला बदल, तिथेच अडकणार.

त्याच कागदाच्या पाठीवर पुढचा क्रम लिहून दिला. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठी, आधी वारस नोंदवहीत, नमुना 6क मध्ये नोंद घेतात. मंडळ अधिकारी वारसांची खात्री करतात. मग फेरफार, चावडीवर आणि हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी 15 दिवस. हरकत आली तर प्रकरण तक्रारीच्या वहीत जातं आणि सुनावणी लागते. नाही आली तर नोंद प्रमाणित होऊन सातबारा बदलतो. नोटीस निघाल्यावर इकडे फिरकायचं कारण नाही. फेरफार कुठवर आला ते ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर दिसतं आणि डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मोबाइलवर मिळतो.

सगळं ऐकून घेऊन तो एवढंच म्हणाला, ‘‘साहेब, ह्ये तिन्ही येकदम सांगितलं असतं तर माझं दोन खाडं वाचलं असतं.’’

एका अर्जाला एकूण वीस मिनिटं लागली. तीन वेळा परत पाठवण्यात आमचीही याहून जास्तच गेली असणार.

त्यानंतर आम्ही ‘कागदपत्रे अपुरी’ हा रबरी शिक्का कपाटात टाकला. त्रुटी हाताने, सगळ्या एकाच वेळी, तारीख आणि सहीनिशी लिहायच्या. पहिल्या यादीत नसलेली त्रुटी दुसऱ्यांदा काढायची असेल तर आधी नायब तहसीलदारांना दाखवायची. पहिला आठवडा वाईट गेला. रांग लांबली, कारकून वैतागले. त्यांची भीतीही खोटी नव्हती: यादीत एखादी गोष्ट राहिली तर उद्या खुलासा मलाच मागणार. म्हणून टेबलावर विषयवार तपासणी तक्ते चिकटवले. वारस नोंदीच्या तक्त्यावर पहिली ओळ ‘नाव सगळ्या कागदांवर सारखं आहे का’, दुसरी ‘मयताची आई हयात आहे का’. अर्ज आतल्या टेबलावर नाही, आवकलाच वाचायचा. टपाल घेणाऱ्याला हे शिकवणं सगळ्यात अवघड गेलं. त्याचं काम आजवर फक्त शिक्का मारण्याचं होतं.

त्या सोमवारी आलेल्या अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र त्याच दुपारी नायब तहसीलदारांसमोर झालं, साध्या कागदावर. त्याने मात्र बाहेरून 500 रुपयांचा मुद्रांक आणून ठेवला होता. सरकारी कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क 2004 पासून माफ आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

‘‘मग ह्याचं काय करू?’’

परतावा मिळतो. सहा महिन्यांच्या आत साताऱ्याला मुद्रांक कार्यालयात अर्ज करायचा, ठरावीक वजावट होऊन पैसे येतात. त्याने मनात हिशेब केला, मुद्रांकाची घडी घालून पिशवीत टाकली.

‘‘साताऱ्याला म्हंजी अजून येक खाडा. ऱ्हाऊ द्या.’’