नाशिकमध्ये दोघांचे दोन दिवस: बेत आखताना कळलेलं

बेत कागदावर तीनदा खोडला. खोट दर वेळी एकच निघाली: नाशिक रोड स्टेशन शहराच्या एका टोकाला, द्राक्षमळे आणि वायनरी गंगापूर धरणाकडे दुसऱ्या टोकाला. शेवटच्या दुपारी वायनरी ठेवली की संध्याकाळची गाडी चुकलीच म्हणून समजा. म्हणून वायनरी पहिल्या दिवशी आणि पंचवटी दुसऱ्या.

पहिला दिवस शुक्रवार धरला, कारण शनिवार-रविवारी वायनरीत मुंबई-पुण्याची गर्दी उसळते. टूर आणि टेस्टिंग आधी बुक करायचं. वयाचा दाखला जवळ हवा. महाराष्ट्रात वाइनसाठी २१ पूर्ण लागतात. २६ जानेवारी, २ ऑक्टोबर असे ड्राय डे आधीच तपासावेत. जाता-येता एकच गाडी ठरवून ठेवलेली बरी. अंधार पडल्यावर तिकडून रिक्षा-कॅब मिळणं कठीण, आणि वाइन घेऊन दोघांपैकी कुणीच स्टिअरिंगला हात लावायचा नाही. द्राक्षतोडणी पाहायची असेल तर जानेवारी ते मार्च.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी पांडवलेणी. उन्हं तापली की पायऱ्यांवर दम निघतो. लेणी चोवीस असली तरी वेळ दहा आणि तीन नंबरला द्यावा. दहामध्ये शक क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. ज्याने नहपानाला हरवलं त्या गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख तीनमध्ये. आधी दहा, मग तीन, असं पाहिलं की गोष्ट आपोआप लागते. मोबाइलचा टॉर्च भिंतीला तिरका धरा. समोरून मारला तर अक्षरं सपाट होतात.

उतरलं की मिसळ. नाशकात ती न्याहारी आहे, जेवण नव्हे; दुपारी उशिरा गेलात तर बऱ्याच ठिकाणी पातेलं खरवडलेलं असतं. दोघांनी एक काळ्या मसाल्याची, एक लाल रश्श्याची घ्यावी, म्हणजे फरक जिभेवर कळतो. रस्सा सगळा एकदम ओतू नका, फरसाणाचा लगदा होतो. आधी अर्धी वाटी, वर कांदा, लिंबू. पापड चुरून, आणि दही शेवटी, जाळ वाढल्यावर. दोघांत एक जिलेबी पुरते.

दुपार झोपेची. चारनंतर पंचवटी: आधी काळाराम मंदिर. काळ्या दगडाचं देऊळ आहेच, पण २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो इथेच, हे डोक्यात ठेवून दाराशी थांबा. मग नारोशंकराची घंटा, १७३९ साली वसई जिंकल्यावर आणलेली. तिथून घाटावर. गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती हा नाशिककरांचा पूरमापक: पाणी गुडघ्याला, कमरेला की छातीला, यावरून शहर पूर मोजतं. जुलै-ऑगस्टमध्ये धरणातून पाणी सोडलं की घाट बंद होऊ शकतो, तेव्हा या महिन्यांत संध्याकाळ फक्त घाटाच्या भरवशावर ठेवू नये. दुसरा बेत हाताशी हवा.

त्र्यंबकेश्वर यात कोंबू नका, दर्शनाची रांग अर्धा दिवस खाते. भांडी बाजारातून तांब्या-पितळेचं काही घ्यायचं तर वजन करून, भाव विचारून घ्या. चिवडा मात्र शेवटी, आणि पिशवी हातातच. बॅगेत त्याचा चुरा होतो. घाटावरून नाशिक रोडला निघताना गाडीच्या सव्वा तास आधी निघालं तर द्वारका चौकातली कोंडीही पचते.