सात टाचा

दुखापतीचा तेविसावा दिवस. रात्रीचे साडेनऊ.

ओट्याला धरून उजव्या पायावर टाच उचलली. सात वेळा. डावा बावीस करतो.

पोटरी फाटली तेव्हा मला वाटलं, मागून कुणीतरी रॅकेट हाणली. चिडून वळलो तर मागे कुणीच नाही, भिडू पार दुसऱ्या कोपऱ्यात. डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटरी दाबली. पाऊल हललं, म्हणजे अकिलीस, टाचेमागचा कंडरा, शाबूत. शिरेत गुठळी नाही ना, तेही पाहिलं. तीही म्हणे पोटरीतच अशी दुखते. निदान: गॅस्ट्रोक्नेमियसची, म्हणजे पोटरीच्या वरच्या स्नायूची, आतली बाजू, ग्रेड टू, अर्धवट फाटलेली. बोलीभाषेत ‘टेनिस लेग’. मी खेळतो बॅडमिंटन. असो.

घरी आई तेल कोमट करून तयार. पहिले दोन-तीन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही, आत रक्त वाढतं, हे तिला पटवताना दुखणं परवडलं. चौथ्या दिवशी घोट्याखाली जांभळं-काळं पडलं. मार वर आणि डाग टाचेपाशी! माझी तंतरली. साकळलेलं रक्त उताराने खाली येतं, एवढंच होतं. आई चष्मा लावून बघत म्हणाली, “उतरतंय रे, चांगलंय.” तिचंच बरोबर निघालं.

बाराव्या दिवशी दुखायचं थांबलं आणि तिथेच मी माती खाल्ली. सकाळी उठून थेट पर्वती. १०३ पायऱ्यांपैकी निम्म्याही झाल्या नसतील, पुन्हा तोच चिमटा. उतरताना कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. एक आजोबा “सावकाश हो” म्हणत मला ओलांडून गेले.

फिजिओ पोरगी रागावली नाही, हे जास्त लागलं. “काका, दुखणं आधी जातं, ताकद मागाहून येते.” आता बुटात टाचेखाली पॅड, आणि सकाळ-संध्याकाळ टाचा: आधी गुडघा सरळ ठेवून, मग वाकवून. वाकवला की भार त्याखालच्या स्नायूवर, सोलियसवर, जातो. करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त ठणकलं तर आकडा कमी करायचा. दोन्ही पायांचे आकडे जवळ येईपर्यंत कोर्ट बंद.

मघाशी आठवी टाच जमिनीपासून बोटभर सुटली, थरथरली आणि खाली आली. आई म्हणाली, “धर आठ.” मी सातच लिहिले.