जळालेली पद्मिनी आणि तांब्याचा मणी

घरामागच्या शेडमध्ये ती प्रीमियर पद्मिनी टेम्पोवरून उतरवली, तेव्हा पुढचा अर्धा भाग कोळसा झाला होता. डिकी आणि मागची चाकं मात्र जशीच्या तशी. वडिलांची गाडी पोराने हौसेने सजवली होती: स्टिअरिंगवरचा गिअर काढून खाली घेतलेला, बकेट सीट, अलॉय व्हील, डिकीत मोठा अ‍ॅम्प्लिफायर. पोरगा शेजारचाच. गाडीकडे बघवत नव्हतं त्याला. "काका, कार्ब्युरेटर मीच उघडून बसवला होता. पेट्रोल तिथूनच गळलं असणार," एवढंच परत परत म्हणत होता.

कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, तपासायला शिल्लकच नव्हता. तो जस्ताच्या मिश्रधातूचा, चारशे अंशांच्या आसपास वितळतो. खाली ओघळून त्याचा गोळा झाला होता. अ‍ॅल्युमिनियमचं हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उभं होतं, म्हणजे तिथे ६६० अंशांपर्यंत मजल गेली नव्हती. वितळलं नाही म्हणून हेड चांगलं, असं मात्र नाही. त्याआधीच ते मऊ पडू शकतं. ते हार्डनेस, म्हणजे धातूचा कडकपणा, तपासायला उद्यमनगरातल्या कारखान्यात पाठवायचं ठरवलं.

आगीच्या गाडीला पाना लावण्याआधी ती धुवावी लागते. पीव्हीसीच्या वायरी जळल्या की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, दमट हवेत त्याचं आम्ल होऊन उघड्या लोखंडावर बसतं. वरून आग विझवायची पावडर. पत्र्यावर तांबूस गंज फुलायला लागलाच होता. खायच्या सोड्याच्या पाण्याने सगळी गाडी धुतली, बोनेट आणि डॅशबोर्डखालचं वायरिंग सोडून. तिथे फोटो काढल्याशिवाय मी पाण्याचा थेंब पडू दिला नाही.

मग वायरी एकेक करून सोडवायला बसलो. इन्सुलेशन कुठेच उरलेलं नव्हतं, सगळीकडे काळं तांबं. बॅटरीकडून निघालेली एक जाड वायर मात्र इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी तुटलेली होती. दोन्ही टोकांना गोल, गुळगुळीत मणी. त्याच्या लगेच मागे तारा शाबूत, पीळसुद्धा तसाच. नुसत्या आगीत तांबं वितळलं तर ते लांबवर पातळ होत जातं, ओघळतं. आणि तांब्याला वितळायला १०८५ अंश लागतात! इथे एवढ्याशा जागेत वितळून पुढेमागे काही नाही, म्हणजे ठिणगी. पत्र्याच्या भोकात बोट घातलं. कडेला अर्धचंद्रासारखी खाच पडलेली. मणी त्या खाचेत बसवून बघितला, नेमका बसला.

ती अ‍ॅम्प्लिफायरची वायर होती. ज्याने बसवली त्याने भोकात रबरी बुश, म्हणजे वायर कडेला घासू नये म्हणून लावायचं कडं, घातलाच नव्हता. फ्यूज होता, पण मागे डिकीत, अ‍ॅम्प्लिफायरजवळ. म्हणजे बॅटरीपासून तिथपर्यंतच्या वायरला फ्यूजचं संरक्षणच नाही. धक्क्यांनी पत्र्याच्या कडेने इन्सुलेशन घासत गेलं, वायर बॉडीला टेकली, आणि मधे तुटायला फ्यूजच नाही.

पोराला विचारलं, "त्या दिवशी पहिल्यांदा काय झालं?"

"गाणी बंद पडली. मग पायाशी धूर आला."

"बोनेटमधून नाही?"

तो गप्प झाला. मग खाली बसून त्याने तो मणी हातात घेतला. आग लागल्यापासून तो स्वतःलाच दोष देत होता. कार्ब्युरेटरचा काही संबंध नव्हता, हे मी त्याला मणी दाखवून सांगू शकलो. त्या दिवसातलं माझं खरं काम तेच, असं मला वाटतं.

छप्पर मात्र वाचलं नाही. तेलाच्या डब्याचं बूड दाबावं तसं ते टप्पकन आत जायचं, टप्पकन बाहेर यायचं. डेंटर मामांनी गॅसने ठिपके तापवून, हातोडीने आणि मागून टेकवलेल्या डॉलीच्या लोखंडी ठोकळ्यावर ठोकून, ओलं फडकं लावून पत्रा आवळायचा प्रयत्न केला. एकीकडे बसला की दुसरीकडे फुगायचा. लांबी (पुट्टी) भरून झाकायला मी साफ नकार दिला. भंगारातल्या दुसऱ्या पद्मिनीचं छप्पर कापून आणलं. पुढच्या स्प्रिंगांचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं होतं, त्या बदलल्या. मागचे कमानपाटे ठेवले. हेड पास झालं.

अ‍ॅम्प्लिफायर त्याला परत हवाच आहे. बसवू. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, वायर नळीत, आणि प्रत्येक भोकात रबरी बुश. वायरिंगला या आठवड्यात तोच माझ्यासोबत बसतोय.