साडेअकरा नको, बारा करा

एका जुन्या कार्टूनमधला म्हातारा खुर्चीत पुस्तक वाचत बसलाय. सूंकन एक सुरा येतो आणि खुर्चीत रुततो. सुऱ्याला चिठ्ठी अडकवलेली: तू साडेअकराला मरणार. आपली बोबडी वळली असती. हे गृहस्थ मात्र वेळेबद्दल कुरकुरतात, साडेअकराला कसं जमेल म्हणून. तेवढ्यात दुसरी चिठ्ठी हजर. ता. क. बरं, बारा करू.

मंडईत वांग्यांवरून चालते तशी घासाघीस, आणि कशावरून, तर मरणाच्या मुहूर्तावरून! त्यात तो म्हातारा जे पुस्तक वाचतोय ते याच कार्टूनची गोष्ट सांगणारं आहे. म्हणजे आपला खून होणार हे बिचाऱ्याला छापील स्वरूपात आधीच कळलेलं.

हे कार्टून म्हणजे टेक्स एव्हरी या अमेरिकन कार्टून-दिग्दर्शकानं एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओसाठी १९४३ साली केलेलं 'हू किल्ड हू?'. जेमतेम आठ मिनिटांचं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एव्हरी कोण, एमजीएम काय, काही पत्ता नव्हता. १९९५ साली आपल्याकडे कार्टून नेटवर्क आलं. आमच्या केबलवाल्यानं बरेच आढेवेढे घेऊन ते दिलं, आणि 'टॉम अँड जेरी'ची वाट बघता बघता मधेच कधीतरी हे लागलं. रात्र झाली की त्याच चॅनेलवर टीएनटी सुरू व्हायचं आणि जुने हॉलिवूडचे सिनेमे लागायचे. वडील ते मन लावून बघत. बाहेर वादळ, आत भलामोठा वाडा, दार करकरतंय, बटलर मेणबत्ती घेऊन जिना उतरतोय... आणि मला खुदकन हसू फुटायचं. "यात हसण्यासारखं काय आहे?" असं वडील दरडावून विचारायचे. काय सांगणार? मी थट्टा आधी पाहिली होती आणि जिची थट्टा केली ती गोष्ट नंतर. ते वादळ, तो बटलर, ते करकरणारं दार माझ्यासाठी कायमचं वाया गेलं होतं. ('झेंडूची फुले' मधल्या कविता घडाघडा म्हणणाऱ्या आणि केशवकुमारांनी ज्यांची टर उडवली त्या मूळ कविता कधीच न वाचलेल्या मंडळींना माझं म्हणणं समजेल.)

१९४३ च्या अमेरिकन प्रेक्षकाला मात्र मूळ माल चांगला पाठ होता. सिनेमात तो होताच, शिवाय घरोघरी रेडिओवर रहस्यमालिका चालायच्या आणि त्यांना साथीला ऑर्गन. एव्हरीनं तोच ऑर्गन या कार्टूनभर घुमवत ठेवलाय. चित्रं बंद करून नुसतं ऐकलं तर पोटात गोळा यावा. चित्रं चालू केली की संपलंच.

त्यातला एक प्रसंग मी डोळे मिटूनही बघू शकतो. पोलीस एका कपाटाचं दार उघडतो आणि आतून हातपाय बांधलेलं प्रेत बाहेर पडतं. फळीसारखं, ताठ. मग दुसरं. मग तिसरं. विनोद इथे थांबेल असं वाटतं, पण तो थांबत नाही. प्रेतं पडतच राहतात, एका लयीत, गिरणीच्या पट्ट्यावरून यावीत तशी. आणि मधलंच एक प्रेत पडता पडता अर्ध्यात थांबतं, आपल्याकडे बघून "बरेच जण आहोत आम्ही, नाही?" अशा अर्थाचं काहीतरी बोलतं आणि पुढचं पडणं पूर्ण करतं. दिवाळीच्या साफसफाईत आमच्याकडे माळ्याचं दार उघडलं की सतरंज्या, मोडकी छत्री आणि पितळी डबे असेच येतात. एखादा डबा थांबून बोलेल याची मी अजून वाट बघतोय.

सगळेच विनोद तेव्हा कळले असं नाही. एक लाल रंगाचा सांगाडा येतो. लाल का, हे मला वीसेक वर्षं कळलं नव्हतं. त्या काळी एमजीएमचाच रेड स्केल्टन नावाचा विनोदी नट होता, रहस्यपटांत घाबरटाच्या भूमिका करणारा. रेड स्केल्टन, रेड स्केलेटन! कळलं तेव्हा हसू आलं नाही, नुसतं हायसं वाटलं.

पण खरी गंमत खुन्याची. कार्टून सुरू होतं तेच एका हाडामांसाच्या माणसापासून. सुटाबुटातला एक सभ्य गृहस्थ गंभीर चेहऱ्यानं सांगतो की, गुन्ह्याचा मार्ग कधीच फळत नाही हे या चित्रपटातून सिद्ध होईल. हे सोवळं एमजीएमच्याच घरातलं. 'क्राइम डझ नॉट पे' नावाची त्यांची लघुपटांची मालिका १९३५ पासून चालू होती आणि तिच्यातही सुरुवातीला असाच एक गृहस्थ येऊन बोलायचा. एव्हरीनं शेजारच्या खोलीतल्या भावाची नक्कल केली म्हणा ना.

आमची आजी तेव्हा पलंगावर लसूण सोलत बसली होती. इंग्रजी तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण तरुणपणी बाबूराव अर्नाळकर तिनं ढिगानं वाचले होते. तो गृहस्थ पडद्यावर येताच ती म्हणाली, "हाच बघ तो."

"अगं आजी, अजून खून व्हायचाय!"

"असू दे. कुणी विचारलं नसताना आपणहून येऊन चांगुलपणा सांगतोय मेला."

शेवटी खुनी पकडला जातो, त्याच्या तोंडावरचं काळं आवरण उतरतं आणि आतून तोच सुटाबुटातला निघतो, मीच केला म्हणत भोकाड पसरतो. आजीनं वरही पाहिलं नाही. टेक्स एव्हरीला आमच्या घरात तिच्याइतकं कुणीच ओळखलं नव्हतं. रहस्यकथेचा जुना नियम आहे, खुनी वाचकाच्या डोळ्यांसमोरच असला पाहिजे. एव्हरीनं तर त्याला पहिल्याच क्षणी, गोष्ट सुरू व्हायच्या आत, समोर आणून उभा केला. एवढ्या चित्रातल्या माणसांत एकच खरा माणूस, आणि संशय येत नाही तो फक्त त्याच्यावर.

परवा मुलीला मोबाइलवर ते दाखवलं. त्यात एक जागा आहे. पोलीस दार फोडून येतो आणि ओरडतो की, कुणीही हलायचं नाही. तेवढ्यात पडद्याच्या खालच्या बाजूला थिएटरातल्या एका प्रेक्षकाची काळी सावली उठून निघते, आणि पोलीस पडद्यातूनच त्याच्या टाळक्यात दंडुका हाणतो. मी हसून हसून बेजार. मुलगी मात्र हसली नाही.

"बाबा, तो माणूस कुठे निघाला होता?"

"बाथरूमला असेल गं."

"नक्की? खून झाल्या झाल्या बरोबर तोच का उठला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही ते पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि या वेळी आठही मिनिटं दोघांनी पडद्याच्या खालच्या काठावर नजर ठेवली.