काचेवर हाताने चित्र कोरायचंय? आधी काच तपासा

काचेवर चित्र कोरण्यात सुईपेक्षा, हातापेक्षा मला जास्त छळलंय ते काचेच्या दुकानांनी. "कोरायला हवी आहे, साधी द्या, टफन नको," असं स्वच्छ सांगूनही उत्तर ठरलेलं: "काच ती काच, घेऊन जा." पेले विकणाऱ्यांकडे तर विचारायचीही सोय नाही.

फरक का पडतो? टफन, म्हणजे मुद्दाम मजबूत केलेली काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन गार करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. दाबाखालचा थर एका बाजूने जाडीच्या साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे ५ मिमी काचेत जेमतेम १ मिमी. वरवरच्या ठिपक्यांनी काही होत नाही, म्हणून आपण निर्धास्त होतो. मग बर (यंत्रावर फिरणारं कोरायचं टोक) जरा खोल गेला की अख्ख्या काचेचा चुरा, तोही हातात.

सपाट काच घेताना ती समोर कापून मागा. टफन काच कापता येतच नाही, त्यामुळे वादच मिटतो. कोपऱ्यावरचा शिक्का बघा म्हणतात, पण शिक्का नाही म्हणजे काच साधीच, असं धरू नका. खिडक्यांच्या कामातून कापून उरलेले तुकडे मिळाले तर उत्तम.

पेला कापून बघता येत नाही. त्यासाठी एलसीडी पडद्याचा लॅपटॉप आणि पॉलराइज्ड गॉगल लागतो. पडदा पूर्ण पांढरा ठेवा, गॉगल डोळ्यासमोर फिरवत पडदा काळा दिसेपर्यंत आणा आणि मध्ये पेला धरा. काळ्यावर उजळ पट्टे किंवा डाग उमटले तर काचेत ताण आहे, परत ठेवा. पेला ४५ अंशांत तिरका करूनही बघा, कारण सरळ धरल्यावर ताण लपू शकतो. नीट गार न केलेली, हाताने फुंकलेली भांडीही यातच पकडली जातात. दुकानदार बघत राहतो. बघू दे.

काच हाती आली की पुढचं काम सरळ आहे. जाडी निदान ४ मिमी असावी. चित्र काचेखाली चिकटवा आणि नेहमी बरोबर वरून बघा, नाहीतर जाडीमुळे रेघ सरकते. मूळ रेषा आल्या की चित्र काढून खाली काळं कापड घाला. इथे कोरलेलं ते उजळ आणि मोकळं ते गडद, फळ्यावर खडूने काढल्यासारखं. सावली कोरायची नसते, सोडायची असते.

रेघेसाठी टंगस्टन कार्बाइडच्या टोकाची सुई तिरकी धरून चालते. एकाच दाबात खोल रेघ ओढली की कडांच्या खपल्या उडतात, म्हणून तीच रेघ हलक्या हाताने पुन्हापुन्हा फिरवा. ठिपक्यांसाठी हिऱ्याचं टोक, जवळजवळ उभं, नुसतं टिचकावायचं. १८व्या शतकात हॉलंडमध्ये फ्रान्स ग्रीनवुडने असंच ठिपक्यांचं काम शिसं असलेल्या काचेवर केलं. ती काच मऊ, टोक लगेच धरते. आपल्या नेहमीच्या काचेवर ते घसरतं, जोर जास्त लागतो.

छटा जोखताना भुकटी ओल्या कापडाने पुसा, कारण भुकटीही पांढरीच दिसते. पण मग काच पूर्ण वाळू द्या. खाचांत पाणी असेपर्यंत बारीक काम जवळजवळ दिसेनासं होतं, आणि तेवढ्यात आणखी ठिपके मारले की उजेड भडक होतो.

भुकटी फुंकायची मात्र नाही. मास्क हवाच, शिशाच्या काचेला तर नक्कीच. मायक्रोमोटर (बर फिरवणारं छोटं विजेचं यंत्र) वापरत असाल तर बरच्या टोकावर पाण्याचा थेंब ठेवा: धूळ बसते, काच तापून तडकत नाही.

आणि दातांच्या डॉक्टरांच्या सामानाच्या दुकानातून डायमंड बर घेताना दांडा २.३५ मिमीचा मागा. एअररोटरचे (दातांच्या डॉक्टरांच्या हवेवर चालणाऱ्या ड्रिलचे) १.६ मिमीचे असतात, ते मायक्रोमोटरच्या साध्या हँडपीसमध्ये, म्हणजे हातात धरायच्या भागात, बसत नाहीत आणि पाकीट फोडलं की कोणी परत घेत नाही.