केबली दोन, वाट एकच

दांडिया बाजारातून अलकापुरीला जायचे चार रस्ते कोणीही बडोदेकर सांगेल. विश्वामित्री मात्र प्रत्येक रस्त्यावर आडवी येते. ऑगस्ट २०२४च्या पुरात रस्ते किती आहेत या हिशोबाला काही अर्थ उरला नव्हता.

नेटवर्क स्टोरेजचंही असंच. 'मल्टिपाथ -एलएल' (मल्टिपाथ म्हणजे डिस्कपर्यंतच्या अनेक वाटा सांभाळणारं लिनक्सचं साधन) चार पाथ, म्हणजे वाटा, दाखवतं, पण दोन्ही केबली एकाच ड्युअल-पोर्ट कार्डात असतात, नाहीतर दोन्ही स्विच एकाच यूपीएसवर. कार्ड, स्विच, कंट्रोलर, वीज यांतली प्रत्येक गोष्ट खरंच दोन आहे का, ते मोजा. आणि सर्व्हर रूम तळमजल्यावर असेल, तर आधी ती वर न्या.

आयस्कझीचे (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) दोन पोर्ट दोन वेगळ्या सबनेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या वेगळ्या गटांत, ठेवा. एकाच सबनेटमध्ये ठेवले तर लिनक्स बहुधा सगळा ट्रॅफिक एकाच पोर्टमधून बाहेर काढतो. दुसऱ्याचा दिवा नुसता लुकलुकतो, आणि पहिली केबल निखळली की दोन्ही सेशन (स्टोरेजशी झालेल्या जोडण्या) लटकू शकतात. इथे बाँडिंगच्या (दोन पोर्ट जोडून एक करायच्या) भानगडीत पडू नका, पाथ सांभाळायचं काम मल्टिपाथचं.

सर्वांत फसवा दोष एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा (बाइटमध्ये). सर्व्हर आणि स्टोरेजवर ९०००, पण मधल्या एका स्विचवर १५०० राहून गेलेलं. लॉगिन होतं, डिस्क दिसते, मोठं रीड-राइट सुरू झालं की सगळं थिजतं. तरी पाथ 'ॲक्टिव्ह'च दिसतो, कारण पाथ तपासणारा टीयूआर चेकर 'तयार आहेस का?' एवढंच विचारतो आणि तो इवलासा सवाल १५००मधून आरामात जातो. म्हणून प्रत्येक पोर्टवरून फ्रॅगमेंट (तुकडे) न करता ८९७२ बाइटचा पिंग मारा (९०००मधून हेडरचे २८ वजा).

आता वेळेचं गणित. ओपन-आयस्कझीचा (लिनक्सवरचं आयस्कझी सॉफ्टवेअर) रिप्लेसमेंट टाइमआउट मुळात १२० सेकंद असतो. म्हणजे सेशन तुटल्यावर अडकलेलं आयओ (वाचन-लेखन) दोन मिनिटं तिथेच धरून ठेवलं जातं, मल्टिपाथपर्यंत चूक पोहोचतच नाही, आणि तोवर डेटाबेसने हात टेकलेले असतात. तो ५ करा. नुसती आयस्कझीडी.कॉन्फ ही सेटिंगची फाइल बदलून भागत नाही, आधीच डिस्कव्हर केलेल्या नोडची (शोधून ठेवलेल्या स्टोरेजची) नोंदही अपडेट करावी लागते. नव्या मल्टिपाथमध्ये 'फास्ट आयओ फेल'चा आकडा यावर मात करतो, म्हणून चालू सेशनचा 'रिकव्हरी टीएमओ' (हाच टाइमआउट, प्रत्यक्ष लागू असलेला) सिसएफएसमध्येच, म्हणजे कर्नलच्या चालू माहितीतच, वाचा. शिवाय नूप पिंगची (सेशन जिवंत आहे का, ही विचारणा) ५ अधिक ५ सेकंदं धरली, तर मूक बिघाडात स्विचओव्हरला पंधराएक सेकंद लागतात.

सगळेच पाथ गेले तर? 'नो पाथ रिट्राय' (एकही पाथ नसताना किती वाट पाहायची ते) क्यूवर, म्हणजे कायम थांबण्यावर, असेल तर प्रोसेस डी-स्टेटमध्ये (न मोडता येणाऱ्या प्रतीक्षेत) अडकतात, किल -९ला, म्हणजे जबरदस्तीने बंद करण्याला, दाद देत नाहीत, मशीन धड बंदही होत नाही. 'फेल' ठेवलं तर फाइलसिस्टिम लगेच एरर खाते. मला आकडा बरा वाटतो: पोलिंग (पाथची तपासणी) दर ५ सेकंदांनी असेल तर १२ म्हणजे एक मिनिट. दोन्ही कंट्रोलर एकदम गप्प होण्याचा तुमच्या स्टोरेजचा काळ याहून मोठा असेल, तर आकडा वाढवा.

माउंट मात्र मॅपरच्या, म्हणजे मल्टिपाथने दिलेल्या, नावानेच करा. एसडीबी (एकाच पाथवरची डिस्क) थेट माउंट केली तर वरचं सगळं वाया.

चाचणी लोड चालू असतानाच घ्या. केबल उपटणं सोपं, कारण लिंक पडलेली लगेच कळते. खरी परीक्षा म्हणजे एका पोर्टलचा (स्टोरेजच्या एका पत्त्याचा) आयस्कझीचा ३२६० पोर्ट आयपीटेबल्स या फायरवॉलने ड्रॉप करणं: लिंक जिवंत, उत्तर नाही. नियम काढल्यावर तो पाथ पुन्हा 'ॲक्टिव्ह रेडी रनिंग' दिसेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका.