गिरगावातला दुसरा चार्जर

यंदा मुंबईत उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर मनगट टेकलं आणि झिणझिण्या आल्या. "आई, घराच्या वायरिंगला काहीतरी झालंय," मी म्हटलं. आई दुखावली. चाळीचं वायरिंग नवं करून घेण्यासाठी तिने वर्षभर मीटिंगा केल्या होत्या.

दोष वायरिंगचा नव्हताच, माझ्या जर्मन प्लगचा होता. तिकडचं अर्थिंग प्लगच्या कडेच्या पट्ट्यांतून जातं, आपलं वरच्या जाड पिनेतून. म्यूनिकचा प्लग गिरगावच्या बोर्डात कसाबसा बसतो, वीज मिळते, अर्थिंग मात्र कुठेच जोडलं जात नाही. मग ॲडॉप्टरच्या, म्हणजे चार्जरच्या डबीच्या, फिल्टरमधून झिरपणारा बारीकसा प्रवाह लॅपटॉपच्या अंगावर येतो.

संध्याकाळी चालत लॅमिंग्टन रोडला गेले. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी ते नाव सांगून कुणी तिथे पोचत नाही. दुकान जेमतेम चार हात रुंद, पण काकांनी माझा ॲडॉप्टर हातात घेऊन आधी त्यावरची बारीक अक्षरं वाचली. "इनपुट १०० ते २४० व्होल्ट. हा जगात कुठेही चालेल, ताई. याला व्होल्टेज बदलणारा कन्व्हर्टर कशाला? फक्त भिंतीकडची कॉर्ड बदला." मागची कॉर्ड उपसून त्यांनी आपली थ्री पिन लावली. झिणझिण्या बंद! आठ वर्षं मी बॅगेतून कन्व्हर्टर वाहत होते.

मग मी म्हटलं, एक जादा ॲडॉप्टरही द्या. गेल्या वर्षी म्यूनिकला माझा बंद पडला तेव्हा दुकानाने मागणी नोंदवून घेतली आणि नऊ दिवस मला उसन्या लॅपटॉपवर काम करावं लागलं. इथे काकांनी मला शिकवलं. "आउटपुट बघा, १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, म्हणजे ६५ वॉट. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर जास्त असले तर चालतील, कमी नकोत. लॅपटॉप लागेल तेवढेच ओढतो." टोकाच्या आतली सुईसारखी पिनही त्यांनी दाखवली. माझ्या मॉडेलमध्ये ॲडॉप्टरची ओळख तिच्यातून पटते. नाही पटली तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही. एक स्वस्तातला डबा मी स्वतःहून उचलला, तर त्यांनी तो काढून घेतला. त्याच्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकच नव्हता. हातचं गिऱ्हाईक असं कोण सोडतं? दुसरा दिला तोही मल्टिमीटर लावून, माझ्या लॅपटॉपवर बॅटरी भरतेय हे दाखवून.

ऑफिसात मला विचारतात, तुमच्याकडे पिना इतक्या वेगवेगळ्या का? मी सांगते, हा ब्रिटिशांचा जुना नमुना आहे. त्यांनी १९४७ साली स्वतःसाठी चौकोनी पिनांचा नवा ठरवला, आपण गोल पिना ठेवल्या. आणि आपल्या बोर्डावर प्रत्येक सॉकेटला बटण असतं. म्यूनिकच्या घरात ते नाही, माझा हात अजून ते शोधतो. तिकडचं सॉकेट खोलगट असतं, प्लग अर्धवट निघाला तरी बोट उघड्या पिनेला लागत नाही, हे मला मनापासून आवडतं. पण वरची पिन लांब ठेवून अर्थिंग आधी जोडायची काळजी आपल्याकडेही घेतलेलीच आहे की.

युरोपात आता यूएसबी-सी सक्तीचं केलंय, फोनना २८ डिसेंबर २०२४ पासून, नव्या लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून. चांगला नियम आहे. पुढचा लॅपटॉप मी तसाच घेईन. तरी ६० वॉटच्या पुढे पाच अँपिअरची, चिप असलेली केबल लागते, हे विचारायला मी लॅमिंग्टन रोडलाच येणार.

नवा ॲडॉप्टर मी गिरगावातच ठेवला. आईने तो साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळून कपाटात एलआयसीच्या फायलीशेजारी ठेवला. मला वर्षाला तीस दिवस सुट्टी असते, पण त्यातली निम्मी मुलीच्या शाळेच्या वेळापत्रकात जाते. आईला हे मी दर वर्षी समजावून सांगते, तिलाही ते पटतं.

"आता चार्जर इथेच आहे," कपाट लावताना ती म्हणाली. "मग दिवाळीला येतेस?"

"दिवाळीत शाळा असते गं," मी म्हटलं.